कुजत नाही म्हणून नाकारायचं?

वनस्पती तेलापासून टिकाऊ प्लास्टिक आणि रेझिन करण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते कुजतं का? ‘नाही’ असं उत्तर दिलं की विचारणाऱ्याच्या लेखी विषय तिथेच मिटतो. तेलविहिरीतून आलेलं असो की शेतातून, प्लास्टिक ते प्लास्टिकच. शेवटी गटारात, नदीत आणि समुद्रातच जाणार. मग एवढा खटाटोप कशाला, असा निवाडा होतो. पर्यावरणाची मनापासून काळजी करणाऱ्या माणसांकडून हा निवाडा येतो, म्हणून तो जास्त खुपतो. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नाही. त्यांच्या निष्कर्षाला मात्र माझा पूर्ण विरोध आहे.

एखादी वस्तू कशापासून झाली आणि पुढे तिचं काय होणार, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कंपोस्ट होणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी पिशव्यांमध्ये पीबीएटी नावाचं पॉलिमर असतं. ते आजही मुख्यतः खनिज तेलापासून तयार होतं, आणि तरीही योग्य उष्णता-ओलावा मिळाला की कुजतं. उलट ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन काढलं जातं. ते उसाचं असूनही साध्या पॉलिथीनसारखंच आहे आणि अजिबात कुजत नाही. मूळ वनस्पतीचं म्हणून वस्तू कुजलीच पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. सागाची तुळई दीडशे वर्षं वाड्याचं छप्पर पेलते, तेव्हा ती कुजली नाही म्हणून आपण सागाला दोष देत नाही.

पिशवी, चमचा, स्ट्रॉ, कपाचं झाकण या वस्तू पाच-दहा मिनिटांसाठी वापरायच्या असतात. त्या टिकाऊ द्रव्यापासून कराव्यात असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यांतल्या बहुतेक मुळात केल्याच नाहीत तर उत्तम. महाराष्ट्रानं २०१८ साली आणि केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवर जी बंदी आणली, तिची अंमलबजावणी आणखी कडक व्हावी असंच मला वाटतं. पण ट्रकच्या एअर ब्रेकची नळी, गाडीतली इंधनाची नळी, जमिनीखालच्या केबलचा जोड, जहाजाच्या तळाचा लेप, डायलिसिसच्या नळकांड्यात हजारो बारीक तंतूंची टोकं घट्ट धरून ठेवणारं रेझिन, या वस्तू कुजल्या तर माणसं मरतील. त्या लागणार आहेत आणि त्या टिकल्याच पाहिजेत. मग प्रश्न इतकाच उरतो की त्यांच्यातला कार्बन कुठून आणायचा : लाखो वर्षं जमिनीत गाडलेल्या साठ्यातून, की गेल्या पावसात हवेतून शोषलेल्या वायूतून? शेतातला कार्बन पंचवीस-तीस वर्षं एखाद्या नळीत अडकून राहिला तर तेवढी वर्षं तो हवेत नसतो. इथे न कुजणं हाच त्या द्रव्याचा गुण आहे, आणि टीकाकार नेमका तोच गुण दोषाच्या रकान्यात मांडतात.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलटा असतो आणि बरेचदा तीच माणसं तो घेतात. वनस्पतीच्या तेलातून खरोखर टिकाऊ काही होतच नाही, हे प्रयोगशाळेतले खेळ आहेत, म्हणतात. पुरावा म्हणून हेन्री फोर्डच्या मोटारीचं उदाहरण दिलं जातं. ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेतल्या डिअरबॉर्नला फोर्डनं नळ्यांच्या सांगाड्यावर प्लास्टिकचे पत्रे बसवलेली गाडी दाखवली. ‘सोयाबीनची गाडी’ म्हणून ती गाजली आणि पुढे कधी बाजारात आली नाही. पण त्या पत्र्यांची नेमकी कृती टिकून राहिलेली नाही, आणि तिच्या संदर्भात जे सांगितलं जातं ते सोयाबीनच्या प्रथिनाबद्दल आणि निरनिराळ्या वनस्पतींच्या तंतूंबद्दल. तेलाची परीक्षा त्या गाडीत झालीच नव्हती. शिवाय ती दाखवल्यानंतर चार महिन्यांत अमेरिका महायुद्धात उतरली आणि खासगी मोटारींचं उत्पादनच थांबलं. तेलाची बाजू पाहायची तर पुढचं पाहावं. याच कंपनीनं २००८ च्या मस्टँग गाडीपासून आसनांच्या फोममध्ये सोयाबीन तेलापासून केलेलं पॉलिऑल वापरायला सुरुवात केली, आणि नंतर उत्तर अमेरिकेत बनणाऱ्या आपल्या सगळ्या गाड्यांमध्ये ते नेलं.

तेलाच्या टिकाऊपणाचा पुरावा शोधायला अमेरिकेत जायचीही गरज नाही. आपल्या घरांच्या दारा-खिडक्यांना वर्षानुवर्षं जो ऑइलपेंट लागला, त्याचा जीव अल्किड रेझिन. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉय कीनल यांनी अळशीसारख्या तेलांची मेदाम्लं पॉलिएस्टरच्या साखळीत गुंफली आणि रंगाचा धंदा बदलून गेला. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी लिनोलियमचं पेटंट घेतलं होतं. अळशीचं तेल हवेत घट्ट होऊ द्यायचं, त्यात राळ, बुचाचा चुरा आणि लाकडाची भुकटी मळायची आणि तागाच्या कापडावर दाबायची. अशी फरशी रुग्णालयांत आणि शाळांत तीस-चाळीस वर्षं पावलं झेलते. जपानी आणि चिनी लाखकामाची भांडी तर हजारो वर्षांनंतर उत्खननात सापडतात. ती ‘लाख’ म्हणजे एका झाडाचा चीक. ते झाड आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातलं. परटांनी पिढ्यान् पिढ्या कपड्यांवर बिब्ब्यानं खुणा केल्या आणि त्या भट्टीतही उतरल्या नाहीत, याचं कारण त्या चिकातल्या रेणूंच्या रचनेत आहे.

तेलांच्या रेणूंची रचनाही थोडी समजून घ्यायला हवी, कारण सगळा वाद तिच्यावरच उभा आहे. तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या असतात. साखळीत दुहेरी बंध असले तर हवेतला प्राणवायू तिथे काम करतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पातळ तेलाचं घट्ट जाळं होतं. अळशीत असे बंध भरपूर, म्हणून अळशीचं तेल वाळतं. खोबरेलात ते जवळजवळ नाहीत, म्हणून खोबरेल वर्षभर उघडं ठेवलं तरी रंगासारखं वाळत नाही. सगळी तेलं सारखी नाहीत. टीकेत ती सरसकट ‘वनस्पती तेल’ या एकाच पिंपात ओतली जातात आणि तिथेच पहिली चूक होते.

आता एरंडेलाकडे येतो. या एका तेलावर वेगळं पुस्तक होईल. एरंडेलातलं सुमारे ८५ ते ९० टक्के मेदाम्ल एकाच प्रकारचं असतं, रिसिनोलिक आम्ल. अठरा कार्बनच्या साखळीत नवव्या कार्बनपाशी दुहेरी बंध आणि बाराव्यावर हायड्रॉक्सिल गट. हा हायड्रॉक्सिल गट इतर कोणत्याही मोठ्या पिकाच्या तेलात अशा प्रमाणात आयता मिळत नाही. सोयाबीनच्या तेलावर रसायनशास्त्रज्ञाला जे करून घ्यावं लागतं, ते एरंडाच्या झाडानं आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून एरंडेल थेट पॉलियुरेथेनमध्ये वापरता येतं. केबलचे जोड भरायला, लेपांना आणि डायलिसिसच्या नळकांड्यांना ते त्यामुळेच चालतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फ्रान्समध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी या तेलाचं आणखी एक अंग ओळखलं. तेल मिथेनॉलबरोबर अभिक्रियेतून नेऊन सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवलं की साखळी नेमकी त्या दुहेरी बंधाच्या आणि हायड्रॉक्सिल गटाच्या मध्ये तुटते. सात कार्बनचा तुकडा सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात जातो. अकरा कार्बनच्या तुकड्याला एका टोकाला अमाईन जोडलं की नायलॉन ११ चा कच्चा माल हाती येतो. १९४० चं दशक संपता संपता नॉर्मंडीतल्या सर्किनी इथे त्याचा कारखाना उभा राहिला, आणि ‘रिल्सान’ या नावानं ते पॉलिमर आजही विकलं जातं. सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या धंद्याला ‘प्रयोगशाळेतला खेळ’ म्हणणं म्हणजे डोळे मिटून बोलणं आहे. हे नायलॉन साध्या नायलॉन ६ सारखं पाणी पिऊन फुगत नाही. थंडीत तडकत नाही. इंधन, तेल आणि मीठ सोसतं. म्हणून ट्रकच्या हवेच्या ब्रेकनळ्यांत, समुद्राच्या तळाशी असलेल्या तेलविहिरींच्या लवचीक नळांत आणि पाण्याच्या लोखंडी पाइपांवरच्या लेपात ते गेलं. खनिज तेल उपसणाऱ्या उद्योगालाच आपल्या नळांच्या अस्तरासाठी एरंडाचं प्लास्टिक योग्य वाटलं. टिकाऊपणाची याहून कठोर परीक्षा मला तरी सुचत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे : लोकांच्या तोंडचं तेल काढून त्याचं प्लास्टिक करणार का? इथे मी टीकाकारांच्या बाजूला उभा आहे, पण त्यांच्या निष्कर्षापर्यंत जात नाही. भारत दरवर्षी दीड कोटी टनांच्या आसपास खाद्यतेल आयात करतो. गरजेच्या निम्म्याहून अधिक. अशा देशात सोयाबीनचं, सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल रेझिनच्या कारखान्यात न्यायचा विचारही कोणी मांडू नये. अमेरिकेत सोयाबीन मुख्यतः पेंडेसाठी पिकतं आणि तेल उरतं. डेलावेअर विद्यापीठातले रिचर्ड वूल यांनी त्या तेलापासून काचतंतूंबरोबर चालणारं रेझिन केलं आणि त्याचे पत्रे शेतीयंत्रांवर बसले, हे त्यांच्या परिस्थितीत शोभलं. आपल्याला ते शोभणार नाही. पामतेलाबद्दल तर बोलायलाच नको. इंडोनेशिया-मलेशियातल्या जंगलांची किंमत देऊन कोणतंही ‘हरित’ रेझिन मला नको आहे. आणि पामतेलात दुहेरी बंध कमी असल्यानं टिकाऊ जाळं विणायला ते तसंही दुबळं आहे.

पण एरंडेल कोणी खात नाही. काजूच्या टरफलाचं तेल तर खाण्याची गोष्टच सोडा, ते ओठाला लागलं तरी कातडी सोलून निघते. या दोन तेलांविषयी बोलताना अन्न हिरावल्याचा मुद्दा उगाळणं म्हणजे बिनबुडाची भीती घालणं आहे. एरंडाला जमीन लागते हे खरं, आणि उत्तर गुजरातेत त्याला पाणीही दिलं जातं. म्हणून त्याचा पेरा अमर्याद वाढवावा असं मी म्हणत नाही. बियांत रिसिन हे विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडेत राहतं. त्यामुळे पेंड जनावरांना न घालता खत म्हणून वापरावी लागते. हे धोके आहेत, ओळखीचे आहेत आणि हाताळता येण्यासारखे आहेत.

काजूच्या टरफलाला तर वेगळी जमीनही लागत नाही. कोकणात काजूची बी जाळावर भाजताना टरफलातून जो चीक उसळतो आणि भडका उडतो, तो ज्यानं पाहिला त्याला या तेलाची ताकद सांगायला नको. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड गोव्यात आणि कोकणात असं रुजलं की आज काजू बीच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या जाती सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर लागल्या. या सगळ्या खटाटोपाचं लक्ष्य एकच, आतला गर. पण बीच्या वजनात गर असतो साधारण पाव हिस्सा, आणि बाकीचं बहुतेक टरफल. टरफलाच्या दोन थरांमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळी असते आणि तिच्यात तेल. टरफलाच्या वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा.

त्या तेलात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल असतं. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं कार्डॅनॉल. एका बाजूला फिनॉलचं कडं, दुसऱ्या बाजूला पंधरा कार्बनची लवचीक साखळी. खनिज तेलातून कडकपणा आणि लवचीकपणा असे दोन्ही गुण एका रेणूत आणायचे तर बराच खर्च येतो. इथे ते टरफलात तयार मिळतात. अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी यांनी १९२० च्या दशकापासून या तेलाची रेझिनं करायला सुरुवात केली. फॉर्मल्डिहाइडबरोबर घट्ट करून दळलेली त्याची भुकटी ब्रेक लायनरमध्ये जाते. घाट उतरताना लायनर तापतो तेव्हा पकड सुटू नये आणि आवाज होऊ नये, हे काम ती भुकटी करते. कार्डॅनॉलपासून केलेले हार्डनर इपॉक्सीला गोठवणाऱ्या थंडीत आणि ओल्या पृष्ठभागावरही घट्ट होऊ देतात. म्हणून जहाजांच्या आणि पुलांच्या रंगकामात त्यांना मागणी आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे कारागीर होडीच्या लाकडाला हेच तेल कच्चं फासत आले. त्यांना कार्डॅनॉल हे नाव ठाऊक नव्हतं, तरी खारं पाणी आणि कीड यांच्यापुढे काय टिकतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आपण या टरफलाचं काय करतो? पुष्कळ लहान कारखाने ते भट्टीत जाळतात किंवा इंधन म्हणून मातीमोल विकून टाकतात. त्याचा तिखट धूर आजूबाजूच्या घरांत शिरतो. बी फोडणाऱ्या बायकांचे हात त्याच चिकानं काळे पडतात, भाजतात. राख किंवा तेल चोळून त्या काम चालू ठेवतात. गराला बाजारात मोठा भाव आहे. ज्या चिकानं त्यांचे हात सोलतात, त्याच चिकातून परदेशात उंची रेझिन होतं, आणि त्या किमतीतला एक पैसाही त्यांच्यापर्यंत येत नाही. मला या वादात सर्वांत जास्त राग इथे येतो. तेलावर आधारलेली रसायनं ही श्रीमंत देशांची हौस आहे असं सांगणाऱ्यांनी एकदा वेंगुर्ल्याच्या एखाद्या काजू कारखान्यात बी फोडण्याच्या बाकाजवळ उभं राहावं.

कोकणातला माणूस इथे लगेच विचारेल, आणि त्यानं विचारलंच पाहिजे, की म्हणजे आणखी रासायनिक कारखाने आमच्या दारात आणणार का? लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या आहेत, आणि त्यांना मिळालेली उत्तरं अपुरी आहेत. माझं म्हणणं असं की टरफलातून तेल दाबून काढणं, ते तापवणं आणि निर्वातात ऊर्ध्वपातन करून कार्डॅनॉल वेगळं करणं एवढं काम कोकणात व्हावं. यात घातक सांडपाणी फार निघत नाही, वास आणि धूर मात्र बंदिस्त करावा लागतो. फॉर्मल्डिहाइडचा टप्पा वेगळा आहे. तो जिथे प्रक्रिया आणि देखरेख दोन्ही खात्रीची असेल तिथेच करावा. एरंडेलापासून सेबॅसिक आम्ल (काही नायलॉनांचा कच्चा माल) काढायच्या जुन्या पद्धतीत फिनॉल मिसळलेलं सांडपाणी निघतं. ती पद्धत जशीच्या तशी इथे आणायची तर मीही विरोधात उभा राहीन. वनस्पतीपासून आलं म्हणून रसायन निरुपद्रवी ठरत नाही.

यातूनच धूळफेकीचा आक्षेप निघतो. तोही अर्धा खरा आहे. पॉलियुरेथेनमध्ये एरंडेल हा एक भाग, दुसरा भाग आयसोसायनेट, आणि तो सहसा खनिज तेलाचाच. आयसोसायनेटची वाफ श्वासात गेली तर दमा होऊ शकतो. कामगारांच्या दृष्टीनं हे दुर्लक्षण्याजोगं नाही. हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या डब्यात वनस्पतीचा अंश किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. पण हे तपासता येत नाही असं मुळीच नाही. हवेतून नुकत्याच आलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चा अंश असतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, त्यामुळे खनिज तेलात तो पार संपलेला असतो. पुरातत्त्वज्ञ लाकडाचं वय मोजायला जी चाचणी वापरतात, तीच चाचणी रेझिनमधला किती कार्बन शेतातला आणि किती जमिनीखालचा हे सांगते. लबाडी करणारा कंपनीवाला असेल तर त्याला या चाचणीसमोर उभं करावं. त्याच्या लबाडीसाठी तेलाला शिक्षा का?

‘याने जगाची गरज भागणार नाही’ हा आक्षेप ऐकला की मला नवल वाटतं, कारण तो मला माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. जगात वर्षाला ४० कोटी टनांहून अधिक प्लास्टिक तयार होतं. जगातलं सगळं वनस्पती तेल मिळून २२ कोटी टनांच्या आसपास भरतं. एरंडेल तर दहा लाख टनांच्याही आत. म्हणजे जगातल्या प्रत्येक कढईतलं तेल काढून घेतलं तरी आजचं प्लास्टिक तेलावर होणार नाही. यावरून सिद्ध काय होतं? आजचं प्लास्टिक अतोनात आहे, एवढंच. त्यातला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा वेष्टनांत जातो आणि काही दिवसांत कचरा होतो. तेवढ्याची भरपाई करायचा प्रश्नच नाही. ते कमीच केलं पाहिजे. थोडं आहे म्हणूनच वनस्पती तेल दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूंसाठी राखून ठेवावं. थोडं आहे म्हणून निरुपयोगी, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसतं?

भावाबद्दलही चुकीची तुलना होते. नायलॉन ११ पॉलिथीनच्या कित्येक पट महाग आहे हे खरं. पण त्याची पिशवी कोणी करत नाही. त्याची बरोबरी खनिज तेलातल्या नायलॉन १२ शी करायला हवी. ३१ मार्च २०१२ रोजी जर्मनीतल्या मार्ल इथे नायलॉन १२ चा मूळ कच्चा माल करणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला, दोन कामगार गेले आणि जगभरच्या मोटार उद्योगाचा पुरवठा हादरला. इंधन आणि ब्रेकच्या नळ्या कशाच्या करायच्या हे ठरवायला पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मोटार कंपन्यांना आणि त्यांच्या पुरवठादारांना तातडीनं एकत्र बसावं लागलं. पर्याय म्हणून ज्यांची नावं पुढे आली त्यांत एरंडावर उभी असलेली नायलॉनं होती. एकाच खनिज साखळीवर सगळा भार टाकण्याची किंमत त्या वेळी सगळ्यांना दिसली, आणि ती किलोच्या भावात कुठेच लिहिलेली नव्हती.

या सगळ्यात भारत कुठे आहे? जगातल्या एरंडीपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास आपल्याकडे पिकते, बहुतेक गुजरातेत. बनासकांठा, पाटण, मेहसाणा, कच्छ. तेलाचा मोठा ग्राहक चीन, आणि सेबॅसिक आम्लाचा मोठा उत्पादकही चीनच. एरंडेल बॅरलमधून बाहेर जातं आणि त्याचं नायलॉन, रेझिन, वंगण होऊन आपल्याच मोटार कारखान्यांत महाग भावानं परत येतं. इकडे आपल्याकडे नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था १९४० च्या दशकापासून तेल तंत्रज्ञान शिकवते आहे, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) १९३३ पासून उभी आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. विदर्भात जवस, म्हणजेच अळशी, पिकते आणि तिचा पेरा घटत चालला आहे. माणसं आहेत, माल आहे, विद्या आहे. ‘कुजत नाही’ या एका वाक्यानं विषय बंद करणारे नकळत एवढंच साधतात, की आपण तेल विकत राहावं आणि प्लास्टिक विकत घेत राहावं.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. तेलाची बरीच रेझिनं एकदा घट्ट झाली की वितळत नाहीत, म्हणून त्यांचा पुनर्वापर होत नाही. नायलॉन ११ वितळतं, ते परत वापरता येतं. इपॉक्सीचं आणि पॉलियुरेथेनचं तसं नाही. पॅरिसमध्ये लुडविक लायब्लर यांच्या गटानं २०११ साली दाखवलं की मेदाम्लांचे जोड वापरून असं जाळं करता येतं, जे तापवलं की आपले बंध आपापसात बदलतं आणि काचेसारखं पुन्हा घडवता येतं. ही दिशा खरी आहे, पण बाजारातला रंगाचा डबा अजून तिथे पोचलेला नाही. तोवर अशी रेझिनं फक्त तिथेच वापरावीत जिथे ती दहा-वीस वर्षं जागची हलणार नाहीत. पुलाच्या कमानीवर चढलेला लेप रस्त्यावर उडत फिरत नाही. फिरते ती पिशवी.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. पूल, जेट्टी, पाण्याच्या टाक्या आणि मासेमारी होड्यांच्या लेपांसाठी शासन ज्या निविदा काढतं, त्यांत वनस्पतीजन्य कार्बनची कार्बन-१४ नं मोजलेली टक्केवारी आणि टिकण्याच्या वर्षांची लेखी हमी, दोन्ही मागाव्यात. जो देईल त्याला प्राधान्य, जो नुसतं पान छापेल त्याला बाहेरचा रस्ता. आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजू कारखान्यांच्या गटांसाठी सामाईक तेलघाणे उभे करावेत. तिथे टरफल जाळायला न जाता दाबायला जाईल, दुधाला फॅटवर मिळतो तसा त्याला तेलाच्या प्रमाणावर भाव मिळेल, आणि त्या भावाचा ठरलेला हिस्सा बी फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीत, हातमोज्यांत आणि औषधपाण्यात जाईल.